भाऊ गाडीवर हायेत

एकदाचा तुमचा फोन माझ्याकडे आला. दवाखान्यात नर्सबाईंनी घड्याळ, पाकीट आणि फोन एका पिशवीत घालून माझ्या हातात दिले, तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार तुमच्याबद्दल नव्हता. आता हा फोन ललिताच्या बॅगेत जाणार नाही, असा तो विचार होता. नवरा नुकताच गेलेला आणि बायको फोन कोणाकडे राहील याचा विचार करते आहे. तुम्ही म्हणायचा, "मास्तरीणबाई, तुह्या डोक्यातली एक तार उलटी जोडली हाय." असेल. माहेरून तशीच आले.

फोन अजून वाजतो. बऱ्याच जणांना कळलेलं नाही. काल आर्णीच्या अलीकडच्या कोण्या गावातून एकाचा आला. "भाऊ, यवतमाळले आज कापसाचा काय भाव फुटला?" मी म्हटलं, भाऊ नाहीत. तर तो म्हणतो, "गाडीवर असन. मंग आडेबाईले द्या न फोन." मी कोण, हे त्याने विचारलंच नाही. तुम्ही नसलात की तुमच्या फोनवर बाईचा आवाज येतो आणि ती बाई म्हणजे ललिता आडे, एवढं त्याला पाठ होतं. मी फोन ठेवला आणि खूप रडले, पण खरं सांगते, त्या रडण्यात निम्मा राग होता.

त्याचाही दोष नाही. यवतमाळ-उमरखेड एसटी गाडी तुम्ही चालवता आणि तिकिटं ललिता देते, हे त्या रस्त्यावरच्या प्रत्येक फाट्याला ठाऊक होतं. तुमची बायको लोहाऱ्याच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, हे कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी तुमच्या गाडीत बसून उमरखेडपर्यंत कधी गेलेच नाही. शाळा सोडून कशी जाणार? ललिता रोज गेली.

तुमच्या फोनला एवढी किंमत कापसाने आणली. गाडी निघायच्या आधी स्टँडसमोरच्या टपरीवर बाजार समितीतले हमाल चहाला यायचे आणि भाव तुम्हाला आयता कळायचा. मग वाटेतली गावंच्या गावं तुम्हाला विचारायची. भाव पडतच चालला होता. आज कापूस भरून गाडी काढावी की अजून घरातच ठेवावा, हे ठरवायला लोकांना तुमचा एक शब्द लागायचा. कोणी फोन लावला आणि ड्रायव्हरने उचलला नाही, तर ड्रायव्हर माजला. तुम्ही बिचारे एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने साऱ्या तालुक्याला भाव सांगत जायचा. भलेपणाची तुम्हाला हौसच होती, आणि तिच्यावर माझा हक्क सगळ्यात शेवटी लागायचा.

तरी त्या दिवसांत माझाही फोन तुम्ही गाडीवर उचलायचा. मधल्या सुट्टीत मी शाळेच्या मागे जाऊन लावायची आणि तुम्ही नुसतं म्हणायचा, "बोल." मागून इंजिनाचा घरघराट, घंटीची टिण्ण, कोणाचं तरी पोर रडतं आहे. गिअर बदलल्याचा आवाज आला की मला कळायचं, चढ लागला. बोलायला माझ्याकडे विशेष काही नसायचं. सिलिंडर संपलं, मोठ्या बाई मला असं म्हणाल्या. तुमचं निम्मं लक्ष रस्त्यावर असायचं, पण निम्मं तर माझ्याकडे होतं. घरी आल्यावर तेवढंही मिळायचं नाही. घरी तुम्ही पाठ टेकवली की घोरायचा.

मग एक दिवस ती बैलबंडी आडवी आली. आर्णीच्या पुढच्या वळणावर तुम्ही कोणाला तरी भाव सांगत होता आणि समोर कापसाने शिगोशीग भरलेली बंडी. ब्रेक लागला, गाडी थांबलीही, पण थांबता थांबता बंडीला मागून टेकलीच. बैल बिथरले, दोर तुटले आणि कापूस सगळा रस्त्यावर. माणसाला खरचटलंसुद्धा नाही. बंडीवाला नुसता रस्त्याकडे पाहत उभा राहिला, हे तुम्ही मला पुन्हा पुन्हा सांगितलं. तुम्ही, ललिता आणि गाडीतली माणसं मिळून तो कापूस गोळा करत बसलात. संध्याकाळी घरी आलात तेव्हा खाकी पँटला कापूस चिकटलेला होता. "त्याच्याच कापसाचा भाव सांगून राह्यलो होतो मी," एवढंच म्हणालात. त्या रात्री मी तुमच्या जवळ बसले, हात धरला, पण मनात कुठेतरी हेही होतंच की कापूस उचलायला तुमच्यासोबत ती होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी डेपोत आदेश लागला. गाडी चालवताना फोनवर बोलणं गुन्हा आहे, तेव्हा ड्रायव्हरने ड्यूटीवर बसण्याआधी फोन कंडक्टरजवळ द्यावा. बाकीचे ड्रायव्हर डेपोच्या फाटकापर्यंत द्यायचे आणि फाटक ओलांडलं की परत घ्यायचे. तुम्ही मात्र दिला तो दिलाच. मला वाटलं होतं, माझा फोन आला तर घ्याल. बायकोचा फोन काही कापसाच्या भावाचा फोन नाही.

पहिल्या दिवशी मी मधल्या सुट्टीत लावला तर पलीकडून, "बोला वहिनी. भाऊ गाडीवर हायेत."

तोच इंजिनाचा आवाज, तीच घंटी, आणि मध्ये ही. "काही निरोप हाय काय? थांब्यावर सांगतो त्यायले." मी म्हटलं, काही नाही, सहज केला होता. उरलेला दिवस वर्गात मी पोरांवर उखडत राहिले.

त्यावरून आपलं जे भांडण लागलं, ते मिटलंच नाही. मी म्हणायची, असल्या कायद्याने रस्ते सुधारत नसतात. चौकात पोलीस दिसला की लोक फोन खाली घेतात आणि चौक सरला की पुन्हा कानाला लावतात. मोटरसायकलवाले तर दुपट्टा बांधून त्यात फोन खोचतात, दोन्ही हात मोकळे, मग गुन्हा कोणता? आणि बोलणं कानात नसलं तरी डोक्यात असतंच की. सकाळी घरी भांडून निघालेला माणूस फोनशिवायही दिवसभर भांडतच गाडी चालवतो. त्याच्यावर कोणता कायदा करणार? नागरिकशास्त्र शिकवणारी बाई कायद्याच्या विरोधात एवढं बोलते म्हणून तुम्ही हसायचा. शाळेत मी फळ्यावर नेमकं उलटं लिहायची.

तुम्ही वाद घालणाऱ्यातले नव्हता, पण यात हटायचा नाही. "डोक्यातलं कोणी काढू शकत नाही, मान्य. पण हात तं मोकळा झाला. अन् दुसरं सांगू का? कायदा पोलिसासाठी नसतोच. आधी माह्या सख्ख्या भावाले मी नाही म्हटलं असतं तं तो जन्मभर बोलला नसता. आता मी म्हणतो, बाबू, माह्या हातात नाही, नियम हाय. त्याले राग येत नाही, मलेबी वाईट वाटत नाही. नाही म्हणाले एक जागा भेटली."

"अन् मले नाही म्हणाले?"

"तू तं घरची हाय."

म्हणजे नाही म्हणायची जागा तुम्ही सगळ्यांसाठी शोधली आणि तिच्यात मलाही नेऊन बसवलं. हे मी तेव्हा बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी निरोप द्यायला लागले.

कधी गोड निरोप दिल्याचं मला आठवत नाही. कंडक्टरच्या हाती गोड कोण पाठवतं? पण राग आला की मात्र मी थांबायची नाही. "सांग त्यायले, मी जेवाले थांबणार नाही." "सांग, तुमच्या बहिणीपुढं माहा अपमान झाला अन् तुम्ही गप्प बसले, हे मी विसरणार नाही." ललिता सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "सांगतो वहिनी." मग पुढच्या थांब्यावरून तिचा फोन यायचा, "भाऊले सांगितलं. हो म्हणे." एवढंच. आणि तुम्ही संध्याकाळी हसत दारात. मला वाटायचं, कोडगा आहे हा माणूस. मी एवढं बोलते आणि हा हसतो.

आणि ते कारलं. एकदा तुम्ही डबा घरीच विसरून गेलात म्हणून मी फोन केला, तर ललिता म्हणते, "राहू द्या वहिनी, आज मंगळवार हाय न, कारलंच असन. भाऊ कारलं खातच नाहीत, मलेच देतात. तुम्ही काहून देता त्यायले कारलं?" लग्नाला किती वर्षं झाली होती, आणि तुम्हाला कारलं आवडत नाही हे मला बंजारा तांड्यावरून आलेल्या एका कंडक्टर बाईने सांगावं. घरी तुम्ही मुकाट्याने खायचा. त्यानंतर मी मंगळवारी आणि शुक्रवारीही कारलं दिलं. वाटलं, खा म्हणावं तिला पोटभर.

तुमच्या दोघांत वावगं काही होतं असं मला कधी वाटलं नाही. तसं असतं तर सोपं होतं. सरळ जाऊन तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. ती तुम्हाला भाऊ म्हणायची आणि भावासारखीच वागवायची. तिला नवरा आहे, दोन लेकरं आहेत. पण तुमची कंबर कधी दुखते, उतारावर तुम्ही काय गुणगुणता, कोणत्या हॉटेलातला चहा तुम्हाला चालतो, हे सगळं तिला माहीत होतं आणि मला ते तिच्याकडून कळत होतं. तुमचा दिवस तिचा होता. माझ्या वाट्याला घोरणं होतं. याचा हेवा वाटू नये तर कशाचा वाटावा?

हेही कबूल करते की त्या वर्षांत तुम्ही रोज घरी आलात. त्या रस्त्यावर कोण कोण गेलं ते आपण दोघांनी ऐकलं, दोघा-तिघांच्या घरी बसायलाही जाऊन आलो. तुमच्या गाडीला नंतर खरचटलंसुद्धा नाही. ते कायद्याने झालं, की तुमच्या हाताने, की फोन एका बाईच्या बॅगेत बंद होता म्हणून, हे मला ठरवता येत नाही. शेवटी तापाने नेलं तुम्हाला. रस्त्याने नाही नेलं, यासाठी मी कोणाचे तरी आभार मानायला हवेत, आणि तिचं नाव घ्यावं लागेल म्हणून मानत नाही.

परवा बुद्धविहारात जायला ऑटो केला. पोरसवदा ड्रायव्हर, मान वाकडी करून फोन खांद्यात धरलेला. मी म्हटलं, ठेव तो फोन. तो म्हणाला, "घरचा हाय मॅडम, दोनच मिनिटं. पोलीस पुढच्या चौकात असते." मी त्याला चांगलं झापलं. हात मोकळा ठेव, घरच्यांना सांग नियम आहे म्हणून, असं सगळं तुमचंच बोलणं माझ्या तोंडून निघालं. त्याने फोन ठेवला. पण ठेवता ठेवता पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला, भाजीचं काहीतरी विचारत होती, आणि मला तिचा इतका हेवा वाटला की विहारापर्यंत मी बाहेरच पाहत बसले.

आता तुमच्या शेवटच्या ड्यूटीच्या दिवसाचं. पावसाळाभरच्या वर्षावासाच्या समारोपाला विहारात मी भाषण करणार होते. पंचवीस पोरांपुढे रोज बोलते, पण मोठ्या माणसांपुढे स्टेजवर पहिल्यांदाच. तुम्ही सुटी टाकली होती आणि पुढच्या सतरंजीवर बसेन म्हणाला होता. सकाळी मी उठायच्या आधीच तुम्ही निघून गेलात. मला वाटलं, येतील. भाषणाची वेळ झाली, माझं नाव पुकारलं, सतरंजीवर तुम्ही नाही. भाषण मी कसं केलं कोण जाणे. लोक टाळ्या वाजवत होते. खाली उतरून फोन लावला तर, "बोला वहिनी. भाऊ गाडीवर हायेत. आज दुसऱ्याची ड्यूटी घेतली त्यायनं. महागाव सोडलं आत्ताच."

मी म्हटलं, "सांग त्यायले, आजपासून माह्या बोलण्याची वाट पाहू नका म्हणावं. मी त्यायच्याशी यानंतर एक शब्द बोलणार नाही. जे बोलाचं थे तुह्याशीच बोला म्हणावं." ललिता म्हणाली, "सांगतो वहिनी." मी फोन बंदच करून टाकला.

तुम्ही आलात तेव्हा अंगात ताप होता. डोळे लाल. पलंगावर बसलात, बूटही न काढता, आणि माझ्याकडे पाहून म्हणालात, "बोल." मला वाटलं, निरोप पोचला आहे, आता हा मनधरणी करतो आहे. कपाळाला हात लावला तर चटका बसला. मी म्हटलं, आधी गोळी घ्या. तुम्ही गोळी घेतली आणि पुन्हा तेच, "बोल न." मी म्हटलं, "बरे व्हा, मंग बोलते." तुम्ही मान हलवली. पहाटेपासून तुम्ही बरळायला लागलात. दवाखान्यात मला ओळखत होता की नाही, कळायला मार्ग नव्हता. ज्याने माझा सगळा राग ऐकलेला आहे असा माणूस माझ्यासमोर मरतो आहे, असं समजून मी त्या खाटेजवळ बसले होते.

तुमच्या पुण्यानुमोदनाला ललिता आली, सगळ्यांत मागे बसली. माणसं पांगल्यावर स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"वहिनी, त्या दिवसचा तुमचा निरोप मी भाऊले देलाच नाही."

"मंग काय सांगितलं?"

"म्हटलं, वहिनीचं भाषण चांगलं झालं, सावकाश या म्हणतात."

"काहून? मी तुले काय सांगितलं होतं?"

तिने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "तुमचं भांडणाचं मी कधीच नाही सांगितलं वहिनी, एकडावबी नाही. फोन बॅगेत ठेवाचा अन् भांडण त्यायच्या कानात घालाचं, मंग फोन कायले घेतला? थांब्यावर सांगितलं तरी पुन्हा गाडीवरच बसाचं असते त्यायले. मागं गाडीभर माणसं. तुम्ही म्हणाच्या, जेवाले थांबत नाही, मी त्यायले सांगो, वहिनी थांबल्या हायेत."

म्हणजे तुम्ही हसत यायचा ते तिने बनवलेल्या बायकोकडे, मी नव्हेच ती. गोड बोलणारी, जेवायला थांबणारी, सावकाश या म्हणणारी कोणीतरी बाई तिने रस्त्यात तयार केली होती आणि तुम्ही तिच्यासाठी घरी येत होता. इतकी वर्षं मी ललितावर जळत होते. आता या दुसरीचं काय करू, जिला तोंडही नाही?

"मंग थे काय म्हणाले?" मी विचारलं.

"हासले. म्हणे, बाई, इतक्या वर्षांत तुम्ही एकबी निरोप खरा नाही देला. मले काय कळत नाही? माही बायको सावकाश या म्हणणाऱ्यातली नाही. तिनं काय म्हटलं असन थे घरी जाऊन तिच्याच तोंडून ऐकतो. रोजच वाटते ऐकावं, पण घरी गेलं की झोप लागते. आज जागाच राहतो म्हणे."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या दिवशी भाऊनं ड्यूटी कायले घेतली, सांगू का?" मी नको म्हटलं. तुमचं आणखी एक कारण मला तिच्याकडून नको होतं. तिने चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि गेली.

तर तुम्हाला माहीत होतं. माझं खरं बोलणं तुम्हाला हवं होतं, आणि त्यासाठी तुम्ही ताप अंगावर घेऊन जागे बसला होता. कोणत्याही बाईने जन्मभर जपावं असं हे वाक्य तुम्ही माझ्यासाठी बोललात, आणि तेही तिच्याजवळ बोललात. ते आधी तिने ऐकलं, तिने तुमचा चेहरा पाहिला, तिला तुमचं हसू दिसलं. मला ते ओट्याजवळ उभ्या उभ्या कळलं, तुमच्यानंतर. मला तुमचा असा राग आला आहे की तसा जन्मात आला नव्हता. आणि तो मी आता कोणाजवळ पाठवू?